जर्मनीतल्या शेअर घरात हीटिंगचं बिल आणि थंडी कशी वाटून घ्यावी

आमच्या फ्रिजवर दोन कागद लावलेले आहेत. एक केरवोखेचा, म्हणजे या आठवड्यात जिना कुणी झाडायचा त्याचा. स्टुटगार्टात भाड्याने राहणाऱ्याला तो सहसा चुकत नाही. दुसरा हीटिंगचा. त्यावर चार खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम असे सहा रकाने, आणि दर महिन्याच्या 1 तारखेला लिहिलेले आकडे. मला या दुसऱ्या कागदाबद्दल सांगायचं आहे. तो वेळेवर लावला नाही म्हणून माझी एक चांगली मैत्रीण मला दुरावली.

मी सोलापूरची. ऑक्टोबर 2022 मध्ये शिकायला इथे आले. रशियाचा गॅस बंद झाल्याचं ते वर्ष. सरकारी कचेऱ्यांत 19 अंशांच्या वर हीटिंग न्यायचं नाही असा नियम निघाला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी गॅसचा दर. आम्ही चौघं, सगळे भारतातले, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. कुणाचा हीटर किती चालतो यावरून रोज धुसफूस व्हायची, पण पैशांचा विषय कुणी काढला नाही. भाड्यात हीटिंगचे पैसे जातातच, अशी सगळ्यांची समजूत. 2023 या वर्षाचं बिल आलं नोव्हेंबर 2024 मध्ये: आणखी 612 युरो भरा. तोवर चौघांतली एक घर सोडून म्युनिकला गेली होती. तिच्याकडे 153 युरो मागितले तेव्हा ती म्हणाली, "त्या थंडीत पाच आठवडे मी इचलकरंजीला होते. इथे असतानाही माझ्या हीटरचं बटण दोनच्या वर गेलं नाही. मी सारखा वाटा का द्यायचा?"

तिच्या खोलीचा आकडा बिलाच्या मागच्या पानावर छापलेला होता. पण ते पान कसं वाचायचं हे चौघांपैकी एकालाही कळत नव्हतं. तिने पैसे पाठवले आणि बोलणं बंद केलं.

इथली खरी अडचण हीच आहे. थंडी पडते जानेवारीत आणि तिचं बिल येतं कधी कधी पुढच्या वर्षाच्या शेवटी. मधल्या काळात माणसं बदललेली असतात. म्हणून जे काही ठरवायचं ते ऑक्टोबरच्या आत, हीटर सुरू व्हायच्या आधी ठरवा. खाली लिहिलेलं सगळं त्यासाठीच आहे.

आधी भाडेकरार उघडा

काल्टमीटे म्हणजे नुसतं घरभाडं. त्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे मिळवलं की होते वार्ममीटे. करारात नेबेनकोस्टेनच्या शेजारी कोणता शब्द आहे ते बघा. 'पाउशाले' असेल तर रक्कम ठरलेली, वर्षाअखेर काही येणं-देणं नाही. 'फोराउसत्सालुंग' असेल तर तुम्ही दरमहा भरता तो फक्त उचल हप्ता. खरा हिशेब नंतर होतो आणि जास्त वापर झाला तर नाखत्सालुंग, म्हणजे वरची रक्कम भरावी लागते. बहुतेक घरांत हा दुसराच प्रकार असतो. काही घरांत बाथरूममध्ये किंवा स्वयंपाकघरात स्वतःचा गॅस बॉयलर असतो. मग गॅस कंपनीशी करार तुमचा आणि मीटरही तुमचा. अशा घरात खोलीवार आकडा मिळत नाही, तेव्हा खोलीच्या आकारावर आणि घरी असलेल्या महिन्यांवर वाटणी करणं बरं.

कायद्याच्या चार गोष्टी माहीत असाव्यात. सामायिक बॉयलरच्या इमारतीत हीटिंगच्या खर्चापैकी किमान 50 आणि कमाल 70 टक्के प्रत्यक्ष वापरावर आकारतात, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. म्हणजे तुम्ही हिवाळाभर कुडकुडत बसलात तरी तो उरलेला भाग द्यावाच लागतो. घरमालकाने हिशेबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत बिल द्यायला हवं. त्याच्याच चुकीने उशीर झाला तर नाखत्सालुंग मागता येत नाही. बिलावर हरकत घ्यायला तुम्हालाही 12 महिने मिळतात. आणि 2023 पासून गॅस-तेलावरच्या सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शुल्काचा काही भाग घरमालकाने उचलायचा असतो. इमारत जितकी जास्त इंधन खाणारी तितका त्याचा वाटा मोठा. बिलात ती वजावट दिसत नसेल तर विचारा.

हीटरवरचा पांढरा डबा

खिडकीखालच्या प्रत्येक हीटरवर काडेपेटीहून थोडा मोठा, पांढरा, लांबट डबा बसवलेला असतो. त्याचं नाव हाइत्सकोस्टेनफेरटायलर. त्याच्या छोट्या पडद्यावर आळीपाळीने आकडे दिसतात: या वर्षीचा आत्तापर्यंतचा वापर, गेल्या हिशेबाच्या वर्षाअखेर, सहसा 31 डिसेंबरला, नोंदलेला आकडा आणि डब्याचा क्रमांक. काही डब्यांना छोटं बटण असतं, ते दाबलं की पडदा जागा होतो. जुन्या इमारतींत अजून कुठे कुठे द्रव भरलेली काचेची नळी दिसेल.

हा आकडा किलोवॉट-तास नाही. तो फक्त इमारतीतल्या इतर हीटरांशी तुलना करण्यासाठी आहे. मोठ्या हीटरचा एक आणि छोट्याचा एक सारखाच धरायचा की नाही, हे बिलात कळतं: प्रत्येक डब्यासमोर एक गुणक छापलेला असतो. गुणाकार करून आलेलं एककच हिशेबाला धरा. आम्ही 2024 चं बिल स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं, डब्यांचे क्रमांक एकेक खोलीशी जुळवले आणि पेन्सिलीने बाजूला लिहिलं: कोपऱ्याची खोली, गल्लीकडची खोली, बाथरूम. अर्ध्या तासाचं काम. आदल्या वर्षी हे केलं असतं तर इचलकरंजीच्या मैत्रिणीला खरं-खोटं दोन मिनिटांत दाखवता आलं असतं.

बटणावरच्या आकड्यांचा अर्थ

हीटरच्या गोल बटणावरचे 1 ते 5 म्हणजे हीटरचा जोर नव्हे. ते खोलीचं तापमान आहे. 1 म्हणजे साधारण 12 अंश, 2 म्हणजे 16, 3 म्हणजे 20, 4 म्हणजे 24 आणि 5 म्हणजे 28. मधल्या बारीक रेघा एकेका अंशाच्या. चांदणीची खूण म्हणजे फक्त पाणी गोठू न देण्यापुरतं. बाहेरून गारठून आल्यावर 5 वर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. 3 वर ठेवलं असतं तरी 20 अंशांपर्यंत तेवढाच वेळ लागला असता. फरक इतकाच की 5 वर हीटर 20 ला थांबत नाही. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ही एक गोष्ट सांगितली तरी घरातली निम्मी कटकट मिटते.

हे बटण स्वतःभोवतीची हवा मोजतं. त्यावर जाड पडदा आला किंवा समोर सोफा लावला की तिथली हवा कोंडून तापते, बटणाला वाटतं खोली तापली, आणि तुम्ही मात्र गारठलेले. हीटरसमोर हातभर जागा मोकळी हवी. हीटर वरून थंड, खालून गरम लागत असेल आणि गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकली आहे. हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगा. स्वतः चावीने हवा काढली तरी पाण्याचा दाब बघायला त्याला कळवावंच लागतं.

कुणाची थंडी खरी?

आता घर तेच, पण माणसं बदलली. माझ्यासोबत नागपूरची एक मैत्रीण, एक पोलिश मुलगा आणि एक जर्मन मुलगी. जर्मन मुलीला 18 अंशांत टी-शर्टवर छान वाटायचं. नागपूरची 22 च्या खाली खूश नसायची. "नागपुरात काय थंडी नसते का गं? डिसेंबरात पडतेच ना. पण दुपारी अंगणात उन्हात बसता येते. इथे ऊनच नाही," असं ती म्हणायची. मी मधे. मी स्वयंपाकघरात गेले की हीटर कुणीतरी 1 वर आणलेला असायचा, तासाभरात कुणीतरी 4 वर. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही, बटण तेवढं फिरायचं.

मी बाजारातून चार साधे थर्मामीटर आणले. तापमानासोबत हवेतला ओलावाही दाखवणारे, दहा-दहा युरोंचे. एका संध्याकाळी, बाहेर शून्याच्या आसपास असताना, आम्ही ते घरभर फिरवले. माझी खोली कोपऱ्याची, दोन भिंती बाहेरच्या. दाराजवळच्या फळीवर 20.3 अंश, खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर 17.8. त्याच खोलीत, त्याच वेळी. पोलिश मुलाच्या खोलीत हीटर 2 वर असून 20 च्या वर, कारण ती खोली मधली, दोन्ही बाजूंना आणि वर-खाली लोक राहतात, त्यांची ऊब भिंतींतून येते. मग दिवस कसा जातो ते एकमेकांना विचारलं. जर्मन मुलगी पहाटे चारपासून बेकरीत उभी राहून काम करते आणि सायकलने घरी येते. नागपूरची तेव्हा प्रबंध लिहीत होती. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. हलणाऱ्या शरीरात उष्णता तयार होते, बसलेल्यात फार कमी. शिवाय थंड भिंतीजवळ किंवा काचेजवळ बसलं की हवा 20 अंश असली तरी शरीर त्या भिंतीकडे उष्णता फेकत राहतं आणि थंडी वाजते.

"तुला जरा जास्तच थंडी वाजते" हे वाक्य त्या रात्रीपासून आमच्या घरात कुणी उच्चारलेलं नाही. सगळ्यांचंच खरं होतं. तुमच्याही घरात वाद असेल तर बटणाला हात लावण्याआधी थर्मामीटर फिरवा.

त्यानंतर बिनखर्चाच्या गोष्टी केल्या. माझं टेबल बाहेरच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावलं. खिडकीच्या चौकटीत फोमची पट्टी चिकटवली. अंधार पडला की पडदे ओढायचे, पण हीटरवर येऊ द्यायचे नाहीत. नागपूरचीला मी जर्मन लोकांची व्हेर्मफ्लाशे, म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी, आणून दिली. पायाशी ती आणि गुडघ्यांवर माझ्या आईने शिवलेली वाकळ घेऊन तिने शेवटची दोन प्रकरणं 20 अंशांत पूर्ण केली.

एका गोष्टीवर मात्र आमच्या घरात पूर्ण बंदी आहे: विजेचा ब्लोअर. 2000 वॉटचा ब्लोअर तासाला दोन युनिट खातो. आमचा दर युनिटला 34 सेंट, म्हणजे तासाला 68 सेंट. रोज चार तास लावला तर महिन्याला 80 युरोंच्या वर, आणि विजेचं बिल चौघांत सारखं वाटलं जात असल्याने लावणारा एक आणि भरणारे चार. त्याऐवजी गादीवर अंथरायचं विजेचं ब्लँकेट घ्या. आमचं 80 वॉटचं आहे. चार तासांना 11 सेंट.

किती अंश ठेवायचे

जर्मनीच्या पर्यावरण खात्याचा सल्ला असा: बैठकीच्या खोलीत 20, स्वयंपाकघरात 18, झोपायच्या खोलीत 17. एक अंश कमी केला की साधारण 6 टक्के ऊर्जा वाचते. वाद सुरू झाला की बाहेरचा हा आकडा उपयोगी पडतो, कारण तो आपल्यापैकी कुणाच्या बाजूचा नसतो.

आमच्याकडे स्वयंपाकघर 18 वर असतं; गॅस पेटला की ते आपोआप 20 होतं. बाथरूम सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा 21, एरवी 17, त्यासाठी टायमर असलेलं बटण बसवलं आहे. स्वतःच्या खोलीत ज्याचं त्याने ठरवायचं, पण दोन अटी. दिवसभर घरी बसून काम करणाऱ्याला त्याच्या खोलीत 20 अंश मिळालेच पाहिजेत, त्यावर कुणी बोलायचं नाही. आणि कुणीही, गावाला गेला तरी, खोली 16 च्या खाली न्यायची नाही.

ही दुसरी अट बुरशीमुळे आली. पहिल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाने पैसे वाचवायला हीटर पूर्ण बंद केला आणि ऊब यावी म्हणून स्वयंपाकघराकडचं दार उघडं ठेवलं. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर तळहाताएवढे काळे डाग. गरम हवेसोबत स्वयंपाकघरातली वाफ त्याच्या थंड खोलीत जात होती आणि थंड भिंतीवर तिचं पाणी होत होतं. म्हणून कमी-जास्त तापमानाच्या खोल्यांमधली दारं बंद ठेवा आणि कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब.

आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकर, भात, वरून आतच वाळत घातलेले कपडे. एकदा वरण-भात लावल्यावर स्वयंपाकघरातला ओलावा 72 टक्क्यांवर गेलेला मी पाहिला. 40 ते 60 च्या मधे असावा. आतलं दार लावलं, हीटरचं बटण चांदणीवर आणलं आणि खिडकी सताड उघडली. सहा मिनिटांत 48. भिंती गरमच होत्या, त्यामुळे खिडकी लावल्यावर खोली लगेच पूर्ववत झाली. याला इथे श्टोसल्युफ्टन म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा करायचं. खिडकी वरून तिरपी करून तासन्‌तास ठेवणं मात्र वाईट. हवा फारशी बदलत नाही, भिंत तेवढी गार पडते. आणि बटण चांदणीवर आणायला विसरू नका, नाहीतर थंड हवा लागली की हीटर पूर्ण जोरात सुरू होतो.

पैशांची वाटणी

खोलीचा आकडा मिळतो म्हणून सगळं त्यावरच वाटायचं, असं मला आधी वाटलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की कोपऱ्याच्या खोलीत राहणाऱ्याने तसं वागणं अन्यायाचं होईल. दोन भिंती बाहेरच्या असल्या तर 19 अंशांनाही जास्त आकडा पडतो. त्यात राहणाऱ्याचा दोष नाही.

आमच्याच घराचे आकडे, हिशेबाला सोपे जावेत म्हणून जरा गोल करून सांगते. वर्षाचं हीटिंग 1,680 युरो. त्यातले 30 टक्के, म्हणजे 504 युरो, क्षेत्रफळावरचे. ते चौघांत सारखे, प्रत्येकी 126. उरलेले 1,176 युरो 2,940 एककांचे, म्हणजे एककाला 40 सेंट. स्वयंपाकघर आणि बाथरूमची मिळून 920 एककं, 368 युरो, प्रत्येकी 92. खोल्यांमध्ये माझी 760, नागपूरचीची 640, पोलिश मुलाची 420, जर्मन मुलीची 200.

माझ्या कोपऱ्याच्या खोलीतला पाव भाग, 190 एककं, आम्ही इमारतीच्या नावावर टाकतो आणि चौघांत वाटतो: 76 युरो, प्रत्येकी 19. बाकी ज्याचं त्याने. मला एकूण 465 युरो आले, नागपूरचीला 493, पोलिश मुलाला 405, जर्मन मुलीला 317. सरसकट वाटलं असतं तर सगळ्यांना 420. उचल प्रत्येकी महिना 30, वर्षाचे 360 भरलेले होते. म्हणून मी 105 दिले, नागपूरचीने 133, पोलिश मुलाने 45, आणि जर्मन मुलीला आम्हीच 43 परत दिले. घरमालकाला गेले बरोबर 240.

पाव भाग हा काही शास्त्रीय आकडा नाही. चौघांनी टेबलाशी बसून मान्य केला, एवढंच. वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली असेल तर तुम्ही तिसरा भाग धराल. नागपूरचीला 493 जड वाटले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. माझे आहेत ते माहीत आहे ना आता. चोरून 4 वर करत होते तेव्हा जास्त जड वाटत होतं."

गरम पाण्याचा खर्च त्याच बिलात वेगळा दाखवलेला असतो. तो आम्ही सरळ चार भागांत वाटतो; कुणी किती वेळ अंघोळ केली हे मोजत बसण्यात अर्थ नाही.

कुणी घर सोडताना

एक भाडेकरू जाऊन दुसरा आला म्हणून शेअर घरात घरमालक मधेच आकडे घ्यायला येत नाही. ते तुम्हीच घ्यायचे. शेवटच्या दिवशी सगळ्या डब्यांचे फोटो काढा, जाणाऱ्याच्या समोर, आणि ग्रुपवर टाका. जाणाऱ्याच्या खोलीचं त्या दिवसापर्यंतचं त्याचं, पुढचं नव्याचं. क्षेत्रफळाचा आणि सामायिक भाग महिन्यांच्या हिशेबात. अनामत परत करताना आम्ही 120 युरो हीटिंगसाठी राखून ठेवतो आणि बिल आल्यापासून दोन आठवड्यांत हिशेब करून उरलेले पाठवतो. हे घरात येतानाच लिहून सही घ्यायची, जाताना नाही. सुटीला गावी गेलेल्यासाठीही हेच: जाताना आणि आल्यावर एकेक फोटो.

या ऑक्टोबरात पोलिश मुलगा नोकरीसाठी गेला आणि त्याच्या खोलीत नांदेडचा एक मुलगा आला. पहिल्या संध्याकाळी तो हीटर 5 वर करून हात शेकत बसला होता. मी त्याला बटणाचे आकडे समजावले, थर्मामीटर दिला आणि पांढरा डबा दाखवला. पडदा जागा झाला तेव्हा आकडा त्यानेच वाचला, 214, आणि फ्रिजवरच्या कागदावर तारखेपुढे लिहिला.